शिरोलीतील मशीन शॉपमध्ये ईआरपी : प्रकल्प नोंदी

५ ऑगस्ट २०२४

संचालकांनी आज ईआरपी, म्हणजे साठा, उत्पादन, खरेदी-विक्री आणि हिशेब एकत्र जोडणाऱ्या संगणक प्रणालीच्या, प्रकल्पाला मंजुरी दिली आणि त्याच्या नोंदी ठेवण्याचे काम उत्पादन नियोजन विभागाकडे, म्हणजे माझ्याकडे, सोपवले. पहिली नोंद कारणांचीच असायला हवी, कारण एकदा सॉफ्टवेअरच्या तपशिलात शिरले की हा खटाटोप कशासाठी चालला आहे, हे विसरायला वेळ लागत नाही.

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतील आपल्या कारखान्यात ट्रॅक्टर आणि डिझेल इंजिनांसाठी बिडाच्या कास्टिंगचे (ओतीव भागांचे) मशीनिंग होते, म्हणजे ते यंत्रावर कापून-छिलून नेमक्या मापात आणले जातात. फाउंड्रीतून (ओतकामाच्या कारखान्यातून) आलेले कास्टिंग गेटवरच्या इनवर्ड रजिस्टरमध्ये लिहिले जाते, तेथून ते स्टोअरच्या वहीत जाते, वहीतून स्टोअरच्या संगणकावरील एक्सेलमध्ये, आणि फाउंड्रीचे बिल आल्यावर अकाउंट्स विभागाच्या टॅलीमध्ये. शॉपवर सुपरवायझर जॉबकार्डावर आपला हिशेब ठेवतात आणि डिस्पॅचची स्वतंत्र वही आहे. गेल्या आठवड्यात एका ट्रॅक्टर सेंटर हाउसिंगचा (ट्रॅक्टरच्या मधल्या ओतीव कवचाचा) शिल्लक साठा चार ठिकाणी विचारला, तेव्हा चार वेगळे आकडे मिळाले. कोणीही खोटे सांगत नव्हते. स्टोअर आलेल्या मालातून शॉपला दिलेला माल वजा करून सांगत होते, शॉप मशीनवरून उतरलेले नग मोजत होते, डिस्पॅच फक्त रंगवून पॅक झालेला माल धरत होते आणि अकाउंट्सच्या दृष्टीने ज्याचे बिल आलेले नाही ते कास्टिंग अजून आलेलेच नव्हते. प्रत्येक आकडा ज्याच्या त्याच्या जागेवरून बरोबर होता. या चार आकड्यांचा मेळ घालणे मात्र कोणाचेच काम नव्हते.

वाढत्या कारखान्याला एकात्मिक प्रणाली का लागते, या प्रश्नाचे माझ्या समजुतीप्रमाणे उत्तर इथेच आहे. रिपोर्ट सुंदर दिसणे किंवा कागद कमी होणे हे नंतरचे फायदे आहेत. एखादी घटना जिथे घडते तिथेच, जो ती घडवतो त्यानेच, एकदाच नोंदवावी आणि बाकी सर्वांनी तीच नोंद वाचावी, एवढ्यासाठी हा प्रकल्प आहे.

१९ ऑगस्ट २०२४

आजच्या बैठकीत संचालकांच्या वडिलांनी, ज्यांनी हा कारखाना उभा केला, एक रास्त प्रश्न विचारला. इतकी वर्षे वह्यांवरच चालले, मग आता काय बिघडले? या प्रश्नाला नीट उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एकच नग चार-पाच कारखान्यांच्या हातून तयार होण्याची जुनी रीत आहे. एकाकडे टर्निंग, दुसऱ्याकडे ड्रिलिंग, तिसऱ्याकडे ग्राइंडिंग, आणि ही सगळी माणसे हाकेच्या अंतरावर. अशा व्यवस्थेत मालकाची स्मरणशक्ती हीच प्रणाली असते आणि ती उत्तम चालते, कारण कोणता नग कोणाकडे आहे हे त्याला चालत एक फेरी मारून कळते. आपला कारखाना एका शेडमध्ये होता तोवर आपलेही तसेच होते. दुसरे युनिट सुरू झाले, ग्राहक वाढले, प्रत्येक ग्राहकाचे शेड्यूल महिन्याऐवजी आठवड्याला बदलू लागले, आणि तेव्हापासून फेरी मारून कळण्यासारखे काही उरले नाही. नग दुप्पट झाले की त्यांच्याविषयी होणारी विचारपूस दुपटीवर थांबत नाही, कारण प्रत्येक नवा भाग, प्रत्येक नवा जॉबवर्कर (आपला माल घेऊन त्यावर मजुरीने काम करून देणारा) आणि प्रत्येक नवे युनिट आधीच्या प्रत्येकाशी जोडले जाते.

दुसरे कारण पैशाचे आहे. बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा (खेळत्या भांडवलाच्या कर्जाची मर्यादा) आपण किती वापरू शकतो, हे दरमहा द्यायच्या स्टॉक स्टेटमेंटवरून ठरते. साठा आणि येणी यांतून मार्जिन वजा करून बँक ड्रॉइंग पॉवर (प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम) काढते. ते स्टेटमेंट तयार करताना अकाउंटंट तीन विभागांना फोन करतात आणि अर्धवट झालेल्या मालाची किंमत अंदाजाने धरतात. कर्जाची मर्यादा लहान होती तेव्हा हा अंदाज चालून गेला. आता तो धोक्याचा आहे, दोन्ही बाजूंनी: कमी धरला तर हक्काचे भांडवल अडकते आणि जास्त धरला तर बँकेला चुकीचे विवरण दिल्यासारखे होते.

वडीलधाऱ्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, “मग जॉबवर्कचा माल आधी धरा. सगळ्यात जास्त माल तिथंच हरवतो.”

९ सप्टेंबर २०२४

त्यांचे म्हणणे खरे आहे, म्हणून पुढचा सगळा अभ्यास जॉबवर्कपासून सुरू केला.

सेंटर हाउसिंगचे पहिले टर्निंग बाहेर होते, नंतरची ऑपरेशन आपल्या एचएमसीवर (आडव्या मशीनिंग सेंटरवर) होतात आणि प्रायमर (रंगाचा पहिला थर) पुन्हा बाहेर. पुष्कळदा कास्टिंग फाउंड्रीतून आपल्याकडे न येता थेट टर्निंगवाल्याकडे उतरते, कारण वाहतूक वाचते. कागदोपत्री ते आपले असते, जमिनीवर दुसऱ्याच्या शेडमध्ये असते. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षाच्या आत परत यावा लागतो किंवा तेथूनच विकला जावा लागतो. भांडवली वस्तूंना तीन वर्षांची मुदत आहे, आणि साचे, जिग, फिक्स्चर यांना ही मुदत लागू नाही. वर्ष उलटले तर तो माल ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी विकला असे धरून कर आणि व्याज द्यावे लागते. याशिवाय आपली उलाढाल ५ कोटींच्या वर असल्याने आयटीसी-०४ हे जॉबवर्कच्या मालाचे विवरण सहामाही भरावे लागते, एप्रिल ते सप्टेंबरसाठी २५ ऑक्टोबरपर्यंत आणि ऑक्टोबर ते मार्चसाठी २५ एप्रिलपर्यंत.

हे विवरण आजवर चलनांच्या (मालासोबत जाणाऱ्या कागदांच्या) फाइली उलगडून तयार होत आले आहे. खरी अडचण चलनाला चलन जुळवण्यात आहे. शंभर नग एका चलनाने गेले, त्यातले साठ एका चलनाने आले, बत्तीस दुसऱ्याने, तीनांत ब्लो होल (ओतताना राहिलेली वायूची पोकळी) निघाले म्हणून टर्निंगवाल्याने बाजूला ठेवले, आणि उरलेल्या पाचांबद्दल दोघांच्याही वहीत काही नाही. महिनाभरात हे पाच नग आठवणीतून जातात. वर्षाअखेरीस मोजणीत फरक निघतो तेव्हा तो अशाच पाच-पाच नगांचा बनलेला असतो.

नव्या प्रणालीकडून म्हणून पहिली अपेक्षा ही लिहिली: प्रत्येक जॉबवर्करच्या शेडला आपल्या गोदामासारखेच एक स्वतंत्र ठिकाण मानावे, चलन निघताच साठा त्या ठिकाणी जावा आणि परत येणाऱ्या प्रत्येक नगाला तो कोणत्या चलनाने गेला होता ते विचारल्याशिवाय प्रणालीने पुढे जाऊ देऊ नये.

३० सप्टेंबर २०२४

निवडीचा विषय आज संपवला. टॅलीच का वाढवत नाही, असा प्रश्न अकाउंट्सकडून आला होता आणि तो डावलण्यासारखा नाही. टॅलीमध्ये गोडाऊन, बिल ऑफ मटेरियल (एका नगाला लागणाऱ्या मालाची यादी) आणि जॉबवर्क यांची सोय आहे. आपला प्रश्न निराळा आहे: ऑपरेशननुसार मशीनचा वेळ, शेड्यूलवरून मालाची गरज काढणे आणि तपासणीचे निकाल हे सगळे साठ्याच्या त्याच नोंदीला जोडलेले हवे आहे.

शेड्यूलवरून गरज काढण्याची ही रीत १९६० च्या दशकात आयबीएममधील जोसेफ ऑर्लिकी यांच्या कामातून पुढे आली. ग्राहकाला अमुक तारखेला इतके नग हवेत, त्यातून तयार साठा आणि प्रक्रियेत असलेला माल वजा करा, उरलेल्यासाठी कास्टिंग किती आणि केव्हा मागवायचे ते मागे मोजत या. त्यात पुढे मशीनची क्षमता आणि पैसा जोडला गेला, आणि १९९० मध्ये गार्टनर या संस्थेने अशा विस्तारलेल्या प्रणालींना ईआरपी हे नाव दिले. गणित सोपे आहे. ज्या आकड्यांवर ते चालते, ते आकडे खरे असणे अवघड आहे.

सर्व्हर कारखान्यात ठेवायचा की क्लाउडवर, यावर फार चर्चा करावी लागली नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद झाला होता, हे सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. क्लाउडची निवड झाली. इंटरनेटच्या दोन स्वतंत्र जोडण्या घ्यायच्या ठरल्या.

सॉफ्टवेअर आपल्या पद्धतीप्रमाणे किती बदलून घ्यायचे, यावर मात्र मी ठाम भूमिका घेतली. जर्मनीतील लिडल या किराणा साखळीने २०११ मध्ये सुरू केलेला एसएपी या ईआरपी सॉफ्टवेअरवर आधारित प्रकल्प २०१८ मध्ये सोडून दिला. तोवर सुमारे ५० कोटी युरो खर्च झाल्याचे त्या वेळच्या वृत्तांत म्हटले होते. साठ्याचे मूल्य खरेदीच्या किमतीने धरायची लिडलची पद्धत होती, प्रणालीची मूळ रचना विक्रीच्या किमतीवर होती, आणि ती पद्धत न सोडता प्रणाली वाकवत नेल्याने गुंता वाढत गेला, असे त्याचे कारण सांगितले गेले. आपल्या आकाराच्या कारखान्याला यातला शतांश धक्काही सोसणार नाही. तेव्हा नियम असा ठरला की कायद्यासाठी किंवा ग्राहकाच्या अटीसाठी आवश्यक असेल तेवढाच बदल सॉफ्टवेअरमध्ये करायचा, बाकी ठिकाणी आपण आपली सवय बदलायची.

प्रणाली सुरू करण्याची तारीख १ एप्रिल ठेवली. अमेरिकेतील हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये हॅलोविनच्या हंगामाच्या तोंडावर नवी प्रणाली चालू केली आणि गोदामात माल असूनही सुमारे १० कोटी डॉलरच्या मागण्या तिला पुरवता आल्या नाहीत. आपल्याकडे दसरा-दिवाळीपूर्वीचे महिने ट्रॅक्टरच्या पुरवठ्याचे असतात, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अशा कामाला हात घालायचा नाही.

२१ ऑक्टोबर २०२४

आयटम मास्टरचे, म्हणजे प्रणालीतील सर्व भागांच्या मूळ यादीचे, काम चालू आहे आणि माझ्या मते साऱ्या प्रकल्पाचा जीव इथे आहे.

एकच भाग आपल्याकडे तीन नावांनी ओळखला जातो: ग्राहकाचा पार्ट नंबर, फाउंड्रीचा पॅटर्न (साचा घडवायचा नमुना) नंबर आणि शॉपवरचे बोलीतले नाव. त्यातच ड्रॉइंगच्या सुधारित आवृत्त्या. स्टोअरकीपर मामांनी आज दोन हाउसिंग शेजारी ठेवून दाखवली, ज्यांत फक्त एका टॅप होलचा (आटे पाडलेल्या भोकाचा) फरक आहे; वहीत दोन्हींचे नाव एकच आहे आणि कोणते कोणत्या ग्राहकाचे, हे त्यांना हात लावून कळते. कोडमध्ये आवृत्ती क्रमांक घालायचा निर्णय तेथेच झाला. कच्चे कास्टिंग, टर्निंग झालेले, पूर्ण मशीनिंग झालेले आणि प्रायमर लागलेले, हे चार वेगळे आयटम असतील, कारण त्यांची किंमत वेगळी आहे आणि ते वेगवेगळ्या ठिकाणी असतात.

सर्वांत जास्त वेळ एककाने घेतला. फाउंड्री किलोने बिल करते, आपण नगाने मशीनिंग करतो आणि नगाने विकतो. साधा मार्ग असा की एका नगाचे ठरावीक वजन मास्टरमध्ये घालावे आणि प्रणालीने किलोचे नग करून घ्यावेत. हा मार्ग सोयीचा असला तरी तो एक गोष्ट झाकतो. समजा, ठरलेले वजन १८.४ किलो आहे आणि पॅटर्न झिजल्याने किंवा साचा फुगल्याने प्रत्यक्षात नग १८.९ किलोचा येत आहे. हजार नगांमागे ५०० किलो बीड आपण जास्त विकत घेतो, ते मशीनवर छिलून काढायला इन्सर्ट (कापणारी पाती) आणि वेळ खर्च करतो आणि मग तेच बीड बोरिंग (मशीनवर निघालेला चुरा) म्हणून भंगाराच्या दराने परत विकतो. तीन ठिकाणी तोटा, आणि तिन्ही ठिकाणी तो वेगवेगळ्या विभागांत विखुरलेला, त्यामुळे आजवर कोणाच्याही नजरेत एकत्र आलेला नाही.

म्हणून आवक नोंदवताना नगांची मोजणी आणि वजनकाट्याचे वजन, दोन्ही घालणे सक्तीचे केले. साठा नगांत राहील, खरेदी किलोत राहील, आणि ठरलेल्या वजनापासूनचा फरक प्रत्येक लॉटला वेगळा दिसेल. तयार नगाचे वजन मास्टरमध्ये असल्याने महिन्याला किती बोरिंग निघायला हवे हेही कळेल आणि विकलेल्या बोरिंगशी त्याचा ताळा घेता येईल. सल्लागार कंपनीच्या अभियंत्याला ही रचना जड वाटली. ती सोडायची नाही, असे मी नोंदवून ठेवतो.

१८ नोव्हेंबर २०२४

बिल ऑफ मटेरियल आणि राउटिंग (प्रत्येक भागाच्या ऑपरेशनचा क्रम) भरून होत आले. प्रत्येक ऑपरेशनचा सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) कोटेशनच्या फायलीतून न घेता मशीनवर घड्याळ लावून घेतला. काही जुन्या भागांत दोन्ही आकड्यांत बरीच तफावत आहे आणि त्या भागांचे दर पुन्हा तपासावे लागतील.

९ डिसेंबर २०२४

आज स्टोअर आणि शॉपच्या लोकांशी सविस्तर बोलणे झाले. त्यांच्या शंका मी जशाच्या तशा लिहितो, कारण त्या खऱ्या आहेत.

मामा म्हणाले, “वहीत खाडाखोड केली तर ती दिसते. संगणकात माझा आकडा कुणी रात्रीतून बदलला तर मला कळणार कसं? आणि उद्या माल कमी निघाला तर विचारणार मलाच.” ज्याने आयुष्यभर हिशेब चोख ठेवला, त्याची ही चिंता आहे. त्यांना सांगितले की १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहणे आणि तो माग बंद करता न येणे कायद्याने बंधनकारक आहे. साठ्याच्या नोंदींनाही हाच माग लावण्याचे ठरले, आणि कोणाच्या लॉगिनने काय बदलले हे पाहण्याचा अधिकार मामांना दिला. असा अधिकार बहुतेक ठिकाणी फक्त वरच्या लोकांकडे असतो. ज्याच्यावर साठ्याची जबाबदारी आहे त्यालाच तो नाकारणे मला योग्य वाटत नाही.

सुपरवायझरांची हरकत रिजेक्शनच्या नोंदीला होती. कास्टिंगच्या दोषामुळे गेलेला नग सीआर, आपल्या मशीनिंगमुळे गेलेला एमआर. आज हा निवाडा महिन्याच्या शेवटी, नगांच्या ढिगापाशी उभे राहून होतो आणि फाउंड्रीशी वाद होतो. ब्लो होल चौथ्या ऑपरेशनला उघडा पडला तर कास्टिंगची किंमत फाउंड्रीला डेबिट होते, पण तोवर झालेल्या मशीनिंगचा खर्च आपल्याच अंगावर पडतो. नोंद त्याच पाळीत, ऑपरेशन आणि हीट नंबरसह (कोणत्या खेपेच्या ओतकामातला नग, त्या क्रमांकासह) झाली तर फाउंड्रीला कोणत्या दिवसाच्या ओतकामात दोष होता ते दाखवता येईल. ऑपरेटरना मात्र धास्ती आहे की एमआरची नोंद त्यांच्या नावावर चढेल आणि पगाराशी जोडली जाईल. ही धास्ती राहिली तर एमआरचे नग सीआरमध्ये लिहिले जातील आणि सारा हिशेब पहिल्या दिवसापासून खोटा होईल. म्हणून संचालकांनी लेखी कळवले की निदान पहिले वर्षभर रिजेक्शनची नोंद कोणाच्याही वेतनाला किंवा बक्षिसाला जोडली जाणार नाही. या एका पत्राने महिन्याभराच्या प्रशिक्षणापेक्षा जास्त काम केले, असे मी मानतो.

१३ जानेवारी २०२५

चाचणी प्रणालीवर डिसेंबर महिन्याचे सगळे व्यवहार पुन्हा घालून पाहिले. खरेदी, जॉबवर्क आणि विक्री व्यवस्थित उतरले. अडचण आली ती दर सुधारणेत. पिग आयर्न आणि भंगाराचे भाव हलले की ग्राहक तिमाहीच्या सुरुवातीपासूनचा दर मागाहून बदलतो. मग आधी झालेल्या प्रत्येक बिलाच्या फरकाची डेबिट किंवा क्रेडिट नोट काढावी लागते, आणि तोच फरक फाउंड्रीच्या दरातही लागू करावा लागतो. आजवर ग्राहकाच्या बाजूचा फरक वेळेवर हिशेबात यायचा, फाउंड्रीच्या बाजूचा मागे पडायचा. दोन्ही दर एकाच कराराच्या नोंदीला बांधले, तेव्हा हा प्रश्न सुटला.

३१ मार्च २०२५

काल गुढीपाडवा आणि आज रमजान ईद, त्यामुळे शॉप बंद ठेवून मोजणी करता आली. ईदमुळे ज्यांना आज बोलावले नाही त्यांनी शनिवारी उशिरापर्यंत थांबून दुसऱ्या युनिटची मोजणी संपवली होती. प्रत्येक रॅकवर चिठ्ठी, मोजणारा एक, तपासणारा दुसरा, आणि दोघांच्या सह्या झाल्याशिवाय आकडा प्रणालीत नाही. अर्धवट झालेला माल कोणत्या ऑपरेशनपर्यंत आला आहे ते पाहून त्या टप्प्याच्या किमतीने धरला. जॉबवर्करांच्या शेडमध्ये आपली माणसे पाठवून मोजणी केली आणि त्यांच्या सहीचे पत्र घेतले. दोन ठिकाणी आपल्या वहीपेक्षा जास्त माल निघाला. त्या कारागिरांनी तो आपण होऊन दाखवला, हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

४ एप्रिल २०२५

प्रणाली १ तारखेपासून सुरू आहे. त्याच दिवसापासून १० कोटी आणि त्यावरील उलाढालीच्या व्यवसायांना बिल केल्यापासून ३० दिवसांत ते सरकारी ई-इन्व्हॉइस पोर्टलवर नोंदवणे बंधनकारक झाले. पूर्वी बिल एका ठिकाणी तयार होऊन दुसऱ्या ठिकाणी अपलोड होई. आता बिल तयार होतानाच पोर्टलवरून आयआरएन (बिलाच्या नोंदणीचा) क्रमांक येतो आणि त्यावरून ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी लागणारा कागद) निघते. हा भाग अडथळ्याविना चालला.

अडथळा दुसरीकडे आला. साठा नसताना डिस्पॅच होऊ द्यायचे नाही, असे आपण ठरवले आहे. सल्लागारांचा सल्ला पहिला महिना ही अट शिथिल ठेवण्याचा होता, कारण बहुतेक कारखाने तसेच करतात. परवा दुपारी ट्रक भरून गेटवर उभा होता आणि प्रणाली बिल काढू देत नव्हती. प्रायमर करून आलेल्या मालाची आवक कोणी नोंदवलेली नव्हती. ट्रक तास-दीड तास थांबला, ग्राहकाकडून फोन आला, अट तात्पुरती काढा असा आग्रह झाला. संचालक स्वतः खाली आले आणि म्हणाले, “आवक नोंदवा, मगच बिल.” आज सकाळी प्रायमरचा टेम्पो उतरला तेव्हा नोंद माल रॅकवर लागण्याआधी झाली. शिथिल अट ठेवली असती तर साठा उणे जाऊन बसला असता आणि तो कोणत्या दिवशी बिघडला हे शोधण्यात पुढचे महिने गेले असते.

३० जून २०२५

पहिल्या तिमाहीचे हिशेब बंद झाले. बँकेचे स्टॉक स्टेटमेंट आता टप्प्यानुसार प्रणालीतूनच निघते. वजनाच्या फरकाचा तक्ता घेऊन एका फाउंड्रीशी बोलणी झाली. त्यांनी पॅटर्न दुरुस्त केला आणि नव्या लॉटचे वजन ठरलेल्या मर्यादेत आले आहे.

देण्यांच्या बाबतीतही उपयोग दिसला. आयकर कायद्याच्या कलम ४३बी (एच) प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी मुदतीत, लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, दिली नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देऊ त्या वर्षीच वजावटीस धरता येतो. आपले बहुतेक जॉबवर्कर या वर्गातले आहेत. माल स्वीकारल्याची तारीख आवक नोंदीत असल्याने मुदत तेथून आपोआप मोजली जाते; पूर्वी बिल टेबलावर कधी आले त्यावर सारे अवलंबून असे. उद्यमनगरातल्या लहान शेडला वेळेवर पैसे मिळणे, हा या प्रकल्पाचा मला सर्वांत समाधान देणारा परिणाम आहे.

एमआरचा आकडा मात्र गेल्या वर्षीपेक्षा वाढलेला दिसतो. पूर्वी जे लिहिले जात नव्हते ते लिहिले जाऊ लागले, असे मी त्याचे कारण मानतो आणि व्यवस्थापनालाही तसेच कळवले आहे.

२९ सप्टेंबर २०२५

२२ सप्टेंबरपासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. ट्रॅक्टरचे सेंटर हाउसिंग आणि ट्रान्समिशन हाउसिंग १८ टक्क्यांवरून ५ वर आले, इंजिनाचे भाग २८ वरून १८ वर. कास्टिंगची खरेदी १८ टक्क्यांवरच आहे. दर एचएसएनच्या (वस्तूंच्या कर-वर्गीकरण क्रमांकांच्या) मास्टरमध्ये बदलले आणि त्या सकाळचे पहिले बिल नव्या दराने निघाले. ज्या खुल्या ऑर्डरींवर जुना दर होता त्यांची यादीही प्रणालीनेच दिली.

पुढचा प्रश्न यापेक्षा मोठा आहे. हाउसिंगवर आपण १८ टक्के भरून कास्टिंग घेतो आणि ५ टक्के लावून विकतो, त्यामुळे कराचे क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) साचत जाणार. त्याचा परतावा जीएसटी कायद्याच्या कलम ५४ (३) खाली मागता येतो, पण परताव्याच्या सूत्रात फक्त मालावरचे क्रेडिट धरले जाते, सेवांवरचे नाही. जॉबवर्कची मजुरी ही सेवा आहे. इंजिनाच्या भागांवरील करात ते क्रेडिट जिरले तर ठीक, नाही तर बाहेर करून घेतलेल्या टर्निंगची खरी किंमत मजुरीपेक्षा जास्त पडेल. हा हिशेब करायला प्रत्येक भागाचे कास्टिंग, प्रत्येक ऑपरेशनची मजुरी आणि पुढच्या तिमाहीचे शेड्यूल एकत्र लागते, आणि ते तिन्ही आज एका जागी आहेत. दोन्ही प्रकारच्या भागांचे प्रमाण धरून तक्ता तयार केला आहे. ट्रॅक्टरचे शेड्यूल सध्याच्या वेगाने वाढले तर इंजिनाच्या भागांवरील कर हे क्रेडिट पुरते जिरवू शकणार नाही, असे त्यात दिसते. टर्निंगसाठी स्वतःचे व्हीटीएल (उभे टर्निंग मशीन) घ्यावे की टर्निंगवाल्यांना हाउसिंगऐवजी इंजिनाच्या भागांचे काम वळवून द्यावे, हे दोन पर्याय आकड्यांसह संचालकांकडे दिले आहेत. दुसऱ्या पर्यायात त्या शेडचे काम तुटत नाही, म्हणून माझी शिफारस त्याची आहे. निर्णय गुरुवारच्या दसऱ्यानंतरच्या बैठकीत होईल.